नवं धनुष्य निवडताना



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तीरकामठा कुणाला दाखवावा लागत नाही. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातल्या पाड्यांवर आजही कुडाच्या भिंतीला टांगलेला कामठा दिसतो. काठीच्या राजवाडी होळीला ढोलांच्या गजरात निघालेल्या माणसांच्या हातात तो असतो. आता आपल्या मुलांच्या हातात तो खेळाचं साधन म्हणूनही आला आहे. त्यामुळे एक प्रश्न मला पालक पुन्हा पुन्हा विचारतात, "सर, पोराचं धनुष्य जुनं झालं, नवं घ्यायचंय. कोणतं घेऊ?" आजचं बोलणं या प्रश्नावर आहे. सुरुवातीलाच सांगतो, धनुष्य किमतीकडे बघून किंवा मोठ्या खेळाडूचं बघून घेऊ नका. ते ओढणाऱ्याच्या अंगाच्या मापाचं घ्या.

नवं घेण्याआधी जुनं नीट पाहा. बांबूचा कामठा वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बांबूचे सगळ्यांत चिवट धागे सालीलगत असतात. म्हणून जाणता माणूस कामठा करताना साल तासत नाही, ती बाहेरच्या बाजूला ठेवतो. दोरी सोडल्यावर चांगला कामठा बराचसा सरळ होतो. दोरी सोडूनही तो वाकलेलाच राहिला, तर त्याचा ताव गेला असं समजा. कायम दोरी चढवून ठेवली, पावसात भिजू दिला किंवा आतून किडीनं पोखरला, की असं होतं. कामठ्याखाली बारीक पिवळी भुकटी पडलेली दिसली तर कीड लागली आहे. असा कामठा जोरानं ओढू नका. तो तोंडासमोर तुटतो.

आता खेळ कोणता, ते ठरवा. आपल्याकडे स्पर्धा तीन प्रकारच्या धनुष्यांवर होतात. इंडियन राउंडमध्ये बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य चालतं, आणि ५० व ३० मीटरवरून नेम धरायचा असतो. ऑलिंपिकमध्ये ज्यावर वैयक्तिक पदक मिळतं ते रिकर्व्ह. त्याची टोकं बाहेर वळलेली असतात, अंतर ७० मीटर आणि लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचं. तिसरं कंपाउंड, चाकांचं. त्यात अंतर ५० मीटर, लक्ष्य ८० सेंटिमीटर. पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावरचा भार बराच उतरतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे.

महाराष्ट्रानं या खेळात मोठं नाव मिळवलं आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव रिकर्व्ह घेऊन टोकियो ऑलिंपिकला गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. ओजसनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातून आलेले लिंबा राम यांची सुरुवात तर बांबूच्याच धनुष्यानं झाली. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी स्पर्धेत त्यांनी ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी केली. तेव्हा पालकहो, पोरानं बांबूवर सुरुवात केली म्हणून तो मागे पडला, असं मनात आणू नका. बांबूवर शिकलेला दोरी सोडण्याचा हात पुढेही उपयोगी पडतो. एकलव्याची आठवण ठेवून भिल्ल माणूस अंगठा न लावता दोरी ओढतो, असं आपले वडीलधारे सांगतात. रिकर्व्हची दोरीही तीन बोटांनीच ओढतात, तिथेही अंगठा लागत नाही.

आता साध्या आणि रिकर्व्ह धनुष्याचं माप कसं घ्यायचं ते सांगतो. मुलाला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचात मोजा आणि त्या आकड्याला अडीचनं भागा. ६० इंच आले तर ओढ साधारण २४ इंचांची. ओढ म्हणजे पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. २४ इंच ओढीला ६२ ते ६४ इंचांचं धनुष्य, २६ ला ६६, २८ ला ६८ इंच, असा ढोबळ हिशेब धरा. फार लांब धनुष्य लहान मुलाच्या हातात पुरतं वाकत नाही आणि बाण मंद सुटतो. फार आखूड असलं तर दोरी बोटांना चिमटते.

यापुढची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे धनुष्याचा भार. रिकर्व्हवर तो पौंडात लिहिलेला असतो आणि २८ इंच ओढीवर मोजलेला असतो. ओढ एक इंच कमी झाली की भार अंदाजे दोन पौंड कमी होतो. म्हणजे ३० पौंड लिहिलेलं धनुष्य २५ इंच ओढणाऱ्या मुलाला साधारण २४ पौंड लागेल. दुकानात नुसता छापलेला आकडा वाचून हे कळत नाही. म्हणून धनुष्य हातात द्या, बाण न लावता दोरी हळू हनुवटीपर्यंत ओढायला सांगा, तीस सेकंद धरायला सांगा आणि मग हळूच परत आणायला लावा. खांदा वर चढला, हात थरथरला, मान पुढे आली, तर ते धनुष्य त्या मुलाचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, ओढलेली दोरी बाणाशिवाय सोडायची नाही. बाणात जाणारा सगळा जोर तेव्हा धनुष्यातच फिरतो आणि पाती, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, फुटू शकतात.

मी हे स्वतः पाहिलं आहे. एका मेहनती मुलाच्या वडिलांनी कापूस विकून आलेल्या पैशांतून त्याला धनुष्य घेतलं. विकणाऱ्यानं सांगितलं, जड घ्या, पुढे पाच वर्षं बदलावं लागणार नाही. ते ३८ पौंडांचं होतं. मुलगा ओढायचा, पण पाठीऐवजी खांद्यानं. दोन महिन्यांत खांदा दुखायला लागला, नेम बिघडला आणि त्यानं मैदानावर येणंच सोडलं. नंतर त्याला उसनी हलकी पाती लावून दिली, तेव्हा तो परत उभा राहिला. वडिलांची चूक नव्हती, त्यांना योग्य सल्ला मिळाला नव्हता. तो सल्ला सगळ्यांपर्यंत पोहोचावा म्हणून मी आज बोलतो आहे.

रिकर्व्हची एक सोय आहे. मधली मूठ वेगळी आणि वरची-खालची पाती वेगळी. इंटरनॅशनल लिंब फिटिंग या मापाची मूठ घेतली तर वेगवेगळ्या कंपन्यांची पाती तिला बसतात. तेव्हा पैसे मुठीवर थोडे जास्त घाला आणि पाती हलकी घ्या. मूल वाढलं, पाठ बळकट झाली, की दोन किंवा चार पौंडांनी जड पाती बदला.

धनुष्य बदललं की बाणही तपासा. सुटताना बाण माशासारखा वळवळत जातो. त्याचा लवचीकपणा धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो. कार्बनच्या बाणावर ५००, ७००, १००० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका बाण मऊ. हलक्या धनुष्याचे मऊ बाण जड धनुष्याला लावले तर ते भरकटतात, आणि तडा गेलेला बाण सुटतानाच मोडून हातात घुसू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी बाण लावण्याआधी तो कानाजवळ धरून थोडा वाकवून पाहा. करकर आवाज आला तर तो बाजूला काढा.

जुनं वापरलेलं धनुष्य घेणारेही पुष्कळ असतात. घ्या, पण पाहून घ्या. दोरी चढवून एका टोकाकडून बघा. दोरी पात्याच्या बरोबर मधून गेलेली दिसली पाहिजे. पातं पिळलेलं असेल तर घेऊ नका. कापसाचा बोळा पात्याच्या कडेनं फिरवा. तो अडकला, तर तिथे चीर आहे.

साधन अंगाच्या मापाचं घ्यायचं, हा नियम दुसऱ्या खेळांतही चालतो. बर्फाच्या प्रदेशात लोक एका फळीवर उभे राहून डोंगर उतरतात. आपल्या देशात काश्मीरच्या गुलमर्गला हा खेळ चालतो, त्याला स्नोबोर्डिंग म्हणतात. १९६५ साली अमेरिकेत एका बापानं मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या, तिथून ही फळी निघाली. १९९८ मध्ये ती जपानच्या नागानो ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. त्या फळीचा गाभाही लाकडाचा, कधी बांबूचा असतो. जुनी फळी बदलताना तिथले जाणकारही हेच पाहतात: मधली कमान टिकली आहे का, फळी उभं राहणाऱ्याचं वजन पेलते का, तिचा ताठरपणा त्याच्या आजच्या तयारीला झेपतो का. शिकाऊ माणसाला ते मऊ फळी देतात. सातपुड्यात बर्फ नाही, पण नियम एकच. आपलं शरीर आज जिथे आहे, तिथलं साधन घ्यायचं.

नवं धनुष्य आणलं की त्याला जपा. साध्या किंवा रिकर्व्ह धनुष्याची दोरी सराव संपला की उतरवा. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात ते पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नका, कारण उष्णतेनं पात्यांचा चिकटवलेला थर सुटतो. जुनं धनुष्य धड असेल तर ते धाकट्या भावंडाला किंवा शाळेला द्या. आजोबांनी केलेला बांबूचा कामठा मात्र कुणालाही देऊ नका. तो घरात मानानं टांगून ठेवा आणि तो कसा करतात हे आजोबा आहेत तोवर शिकून घ्या.

पालकांना, शिक्षकांना आणि ग्रामसभेत क्रीडा साहित्याची यादी करणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. धनुष्य विकत घेण्याआधी मुलाला सोबत न्या. त्याचे हात पसरून माप घ्या, त्याला तीस सेकंद धनुष्य धरू द्या, आणि मगच पैसे मोजा.