प्रोग्रामचा वाकेनवीस

ज्या शहराचें नांव २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर असें झालें, त्या औरंगाबादेस मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं पाणी आणलें तें जमिनीखालून. उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारें पाणी गांवांत खेळविणारी ती नहर-ए-अंबरी अद्यापि सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी चालतें, पण दिसत नाहीं. म्हणून नहरीच्या वाटेवर मधून मधून तोंडें ठेवलेलीं आहेत. तेथून हवा खेळते, आणि पाणी वाहत आहे कीं तुंबलें आहे हें माणसाला डोकावून पाहतां येतें. हीं तोंडें नसतीं तर एका ठिकाणचा अडथळा शोधण्यासाठीं सारी वाट उकरावी लागली असती.

संगणकावर चालणारा प्रोग्राम हीहि अशीच जमिनीखालची नहर होय. तो काय करीत आहे हें बाहेरून दिसत नाहीं. शेवटीं जें फळ हातीं येतें तेवढेंच दिसतें. मधल्या वाटेवर त्यानें आपल्या कामाचे निरोप लिहून ठेवावे अशी जी व्यवस्था करतात तिला लॉग म्हणतात. शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठीं दोरीला बांधलेला लांकडाचा ओंडका समुद्रांत टाकीत, त्या ओंडक्याचें नांव लॉग. वेग ज्या वहींत टिपीत ती लॉगबुक. ओंडका गेला आणि वही राहिली.

ही वही नीट आंखलेली नसली म्हणजे काय होतें? वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतील एखादा कारखाना डोळ्यांपुढें आणावा. तिसऱ्या पाळींत, रात्रीं दोनच्या सुमारास, तयार मालाचें वजन टिपून घेणारा प्रोग्राम मध्येंच अडतो. पाळीवरचा कामगार तो बंद करून पुन्हां चालू करतो. सकाळीं हिशेब जुळत नाहीं. चाळीस पेट्यांचा पत्ता नाहीं. वही उघडून पाहावी तर तींत एकच ओळ: 'चूक झाली.' कोणती, कोठें, केव्हां, कोणाची, यांपैकीं कांहींच नाहीं. मग संशय कोणावर जातो? यंत्रावर जात नाहीं. रात्रीं तेथें जो माणूस उभा होता त्याच्यावर जातो.

गंमत अशी कीं, ज्या शहराच्या वेशीजवळ हा कारखाना आहे त्या शहरानें निरोप टिपण्याची एक फार मोठी व्यवस्था साडेतीनशें वर्षांपूर्वीं पाहिलेली आहे. औरंगजेब १६५३ मध्यें दुसऱ्यांदां दख्खनचा सुभेदार झाला तेव्हां त्यानें मलिक अंबराच्या खडकीला आपलें नांव दिलें. १६८२ मध्यें तो बादशहा म्हणून येथें आला आणि उरलेलें सारें आयुष्य त्यानें दक्षिणेंतच काढलें. एवढा अफाट मुलूख एका जागीं बसून सांभाळावयाचा तर सुभ्यासुभ्यांतून बातमी आली पाहिजे. आणि ती आणण्याचें काम वाकेनवीसाकडे असे. मराठींत हाच शब्द वाकनीस झाला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील मंत्री दत्ताजी त्रिंबक हे वाकनीसच होते, आणि आडनांवाच्या रूपानें हा हुद्दा अजून घरोघरीं वावरत आहे.

अकबराच्या दरबारांतील ही पद्धत अबुल फज्ल यानें ऐन-इ-अकबरींत सविस्तर लिहून ठेविली आहे. १४ निःपक्षपाती कारकून नेमलेले; त्यांपैकीं दोघे पाळीपाळीनें रोज हजर. बादशहाची आज्ञा, आलेले अर्ज, नेमणुका, नजराणे, जें घडेल तें त्यांनीं रोजनिशींत टिपावयाचें. ती रोजनिशी दुसऱ्या अधिकाऱ्यानें तपासावयाची आणि मग बादशहापुढें ठेवून मंजूर करून घ्यावयाची. त्यानंतर ज्याला पुराव्यासाठीं नक्कल हवी असेल त्याला सहीनिशीं नक्कल मिळे. तिच्यावर आणखी अधिकाऱ्यांच्या सह्या होत. या कागदाला याददाश्त म्हणत. त्याचा स्वच्छ भाषेंत संक्षेप होई तो तालिका. त्यावर पुन्हां सह्या व शिक्के. वाचतांना हा सोपस्कार कंटाळवाणा वाटतो, परंतु त्यांत एक मर्म आहे. कागद ज्या ज्या हातांतून गेला त्या त्या हाताची खूण कागदावरच राहते.

आजच्या कारभारांत एकच काम अनेक प्रोग्रामांच्या हातांतून जातें. गिऱ्हाइकाची मागणी एक प्रोग्राम घेतो, पैसे दुसरा घेतो, कोठारांतला माल तिसरा काढतो. प्रत्येकाची वही निराळी. मागणी कोठें अडली हें शोधावयाचें तर तीन वह्यांतील हजारों ओळी ताडून पाहाव्या लागतात. म्हणून मागणी दाराशीं येतांच तिला एक क्रमांक द्यावयाचा, आणि तिच्याविषयींच्या प्रत्येक ओळींत, कोणत्याहि वहींत असो, तोच क्रमांक लिहावयाचा. मग शोधणें म्हणजे एका दोऱ्यानें मणी ओवण्यासारखें सोपें होतें.

ओळ कशी असावी? वाळूजच्या त्या रात्रींची ओळ अशी असती तर: '१४ मार्च, २ वाजून ७ मिनिटें ४१ सेकंद, भारतीय वेळ, चूक, वजन-नोंद विभाग, यंत्र १२, काम क्रमांक ८८१३, कांट्याकडून ३० सेकंदांत उत्तर आलें नाहीं, हा तिसरा प्रयत्न, वजन लिहिलें नाहीं.' यांत विशेषण एकहि नाहीं. केव्हां, किती गंभीर, कोठें, कशाविषयीं, काय झालें आणि त्यावर प्रोग्रामनें काय केलें, एवढेंच आहे. आणि प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागीं आहे, त्यामुळें माणसाप्रमाणेंच दुसरें यंत्रहि ती वाचूं शकतें.

वेळेचा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. मोगल अखबारांवर बादशहाच्या राज्यारोहणाच्या वर्षाची मिति असे. सारें राज्य एकाच मितीनें चाले. आज एक यंत्र पुण्यांत, दुसरें सिंगापुरांत, तिसरें कोठें आहे तें मालकालाहि ठाऊक नाहीं. प्रत्येकाचें घड्याळ आपापल्या मनाचें असेल तर उत्तर प्रश्नाच्या आधीं आल्याचें वहींत दिसतें! म्हणून सर्व घड्याळें एका प्रमाण घड्याळाशीं लावावीं लागतात, आणि ओळींत वेळ लिहितांना ती ग्रीनिचची कीं तिच्यापुढें साडेपांच तास असलेली भारताची, हें स्पष्ट करावें लागतें. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशांत घड्याळें जुळविण्याची सक्ति केली, आणि वह्या १८० दिवस जपून ठेवावयास सांगितलें.

यापुढचा प्रश्न तारतम्याचा. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बर्कले येथें एरिक ऑलमन यांनीं सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रामसाठीं सिसलॉग नांवाची व्यवस्था बांधली. पुढें ती सर्वत्र पसरली. तिच्यांत निरोपांच्या आठ पायऱ्या आहेत. शून्याची पायरी म्हणजे सारें यंत्रच निकामी झालें. सातवी म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला शोधासाठीं उपयोगी पडणारी बारीकसारीक टिपणी. मधल्या पायऱ्यांवर चूक, इशारा, साधी माहिती वगैरे. व्यवस्था चांगली, पण ती माणसाच्या विवेकावर उभी आहे. घाबरट प्रोग्रामर प्रत्येक गोष्टीला 'चूक' म्हणतो. तीन आठवड्यांत रात्रपाळीचा माणूस ते निरोप वाचावयाचें सोडून देतो. लांडगा आला रे आला, या गोष्टींतील पोराप्रमाणें मग खरा लांडगा येतो तेव्हां कोणी उठत नाहीं. रात्रीं कोणाला तरी झोपेंतून उठवावें इतकी गोष्ट मोठी आहे काय, एवढें विचारलें तरी बहुतेक निरोप आपापल्या पायरीवर जाऊन बसतात. मोगल व्यवस्थेंतहि बातमीला निरनिराळी गति होती. यदुनाथ सरकार यांनीं जुन्या नियमग्रंथावरून दिलें आहे कीं वाकेनवीसाचें पत्र आठवड्यांतून एकदां जाई, सवानिहनिगाराचें दोनदां, आणि तातडीची गोष्ट याहून निराळी. मनुची हा इटालियन प्रवासी सांगतो कीं, हीं पत्रें रात्रीं नऊच्या सुमारास जनानखान्यांतील स्त्रिया बादशहाला वाचून दाखवीत. लिहिलेलें रोज वाचणारा कोणी आहे, हें लिहिणाऱ्याला ठाऊक होतें.

काय लिहूं नये, हेंहि ठरवावें लागतें. मे २०१८ मध्यें ट्विटर कंपनीनें आपल्या सर्व सभासदांना परवलीचे शब्द बदलण्याची विनंति केली. कारण ते शब्द गुप्त रूप देण्यापूर्वींच आंतल्या एका लॉगमध्यें जसेच्या तसे उतरत होते. तिजोरीला सात कुलपें आणि किल्ली रोजनिशींत चिकटविलेली, असाच हा प्रकार! याहून मोठा अनर्थ डिसेंबर २०२१ मध्यें उघडकीस आला. जावा भाषेंतील असंख्य प्रोग्राम निरोप लिहिण्यासाठीं लॉगफोरजे ही तयार सामग्री वापरीत. ती निरोपांतील विशिष्ट खुणांचा मजकूर नुसता लिहीत नसे. त्यांतील सूचना अमलांत आणी. कोणी दुष्टानें आपल्या नांवाच्या जागीं तसा मजकूर घातला कीं तो टिपतां टिपतां वहीच दूरच्या पत्त्यावरून परका प्रोग्राम आणून चालवूं शके. वाकेनवीसानें कैद्याची जबानी लिहावी, आणि जबानींत 'किल्ल्याचें दार उघडा' असें आलें म्हणून लेखणी ठेवून दार उघडावयास जावें, तशांतला हा प्रकार. निरोप हा वहीनें लिहावयाचा असतो, पाळावयाचा नसतो.

वहीमुळें मूळ काम अडूं नये, हें सांगावयास नकोच. वाकेनवीस आजारी पडला म्हणून सुभा बंद ठेवीत नाहींत. निरोप रांगेंत टाकून प्रोग्रामनें पुढें जावें आणि दुसऱ्यानें सवडीनें ते लिहावे, अशी योजना यासाठींच करतात. परंतु सवड फार झाली आणि तेवढ्यांत प्रोग्राम कोसळला, तर रांगेंतले शेवटचे निरोप त्याच्याबरोबरच जातात. मरणाऱ्याचे शेवटचे शब्दच ऐकूं येऊं नयेत, असें होतें. म्हणून गंभीर पायरीचा निरोप तात्काळ लिहावा आणि किरकोळ निरोप सवडीनें, अशी वांटणी शहाणे लोक करतात.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. वही कोणाच्या हातांत असावी? १६६० नंतरच्या काळांत मोगल दरबारीं असलेला फ्रेंच वैद्य बर्निए तक्रार करतो कीं, सुभ्यांत पाठविलेले वाकेनवीस बहुधा सुभेदारालाच सामील होतात. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच गांवांत राहावयाचें, त्याच्याच पंगतीस जेवावयाचें, मग दुसरें काय होणार? त्यावर तोड म्हणून सवानिहनिगार निराळा, खुफियानवीस निराळा आणि हरकारा निराळा, असे बातमीचे वेगवेगळे प्रवाह ठेवलेले होते. एकानें लपविलें तें दुसऱ्याच्या पत्रांत सांपडे.

संगणकाच्या युगांत ही खबरदारी घेतली नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडनें पाहिलें. तेथील पोस्ट ऑफिसनें फुजित्सू कंपनीची होरायझन नांवाची हिशेबाची व्यवस्था आणली. गांवोगांवच्या पोस्टचालकांच्या हिशेबांत तूट दिसूं लागली, आणि १९९९ ते २०१५ या काळांत पोस्ट ऑफिसनें सातशेंहून अधिक जणांवर खटले भरले. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांनीं घरदार विकून न केलेल्या चोरीची भरपाई केली. डिसेंबर २०१९ मध्यें लंडनच्या उच्च न्यायालयानें ठरविलें कीं, त्या व्यवस्थेंत दोष होते आणि फुजित्सूच्या लोकांना दूर बसून, पोस्टचालकाच्या नकळत, त्याच्या हिशेबांत नोंद घालतां येत होती. कंपनीपाशीं ज्ञात चुकांची एक वही होती. पण ती वादींच्या हातीं पडावयास पुष्कळ झगडावें लागलें. या लोकांच्या शिक्षा रद्द करण्यासाठीं मे २०२४ मध्यें पार्लमेंटला खास कायदा करावा लागला.

म्हणून चांगल्या व्यवस्थेंत प्रोग्रामची वही त्याच यंत्रावर ठेवून भागत नाहीं. निरोप लिहिला जातांच त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते, आणि त्या यंत्राच्या किल्ल्या प्रोग्राम चालविणाऱ्याच्या हातांत नसतात. वहींत भर घालतां येते, पण खोडतां येत नाहीं. प्रत्येक ओळींत आधींच्या ओळींवरून गणितानें काढलेली एक खूण घालतात; मधली ओळ कोणी बदलली तर पुढच्या साऱ्या खुणा चुकतात. मोगल कारकुनाच्या सह्याशिक्क्यांचेंच हें नवें रूप.

असे कागद किती दिवस ठेवावे, हा प्रश्न त्याहि काळीं होता. दख्खनच्या वाकेनवीसांचे १६६० ते १६७१ या काळांतील निवडक कागद हैदराबादच्या अभिलेख कार्यालयानें १९५३ मध्यें छापून काढले. त्या कारकुनांनीं ते इतिहासासाठीं लिहिले नव्हते. उद्यांच्या टपालासाठीं लिहिले होते. प्रोग्रामच्या ओळींना एवढें आयुष्य नको. ठराविक मुदतीनंतर जुन्या वह्या आवळून बाजूला ठेवतात आणि पुढें काढून टाकतात. नाहीं तर जागा भरून एके दिवशीं प्रोग्रामच थांबतो.

वाळूजच्या कारखान्यांत रात्रीं २ वाजून ७ मिनिटांनीं लिहिलेली ती ओळ मात्र दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी असली पाहिजे. सकाळीं व्यवस्थापक ती उघडतो. तिच्यापुढें तशाच एकोणचाळीस ओळी आहेत, प्रत्येक पेटीला एक. कोणत्याहि ओळींत पाळीवरच्या माणसाचें नांव नाहीं. यंत्र १२ च्या कांट्याचा उल्लेख चाळीसहि वेळां आहे. मग तो कामगाराला न बोलावतां कांटा उघडावयास माणूस पाठवितो.