गिरण्या गेल्या, झांक्या उरल्या
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



गणपतीच्या मांडवात बाजारभावाचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण वर्गणीपासून मोदकाच्या नारळापर्यंत महागाई आधीच मांडवात येऊन बसली आहे. तिच्याविषयी दोन शब्द बोलायला बाप्पाची हरकत नसावी.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण इंदूरकर झांक्या पाहायला जातो. लहानपणी आम्ही वडिलांच्या खांद्यावरून पाहिल्या, आता नातवंडांना दाखवतो. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशी गिरण्यांची नावे येतात. एकदा आमच्या नातवाने विचारले, "आजोबा, ह्या मिल कुठे आहेत?" आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही. गिरण्या राहिल्या नाहीत, त्यांचे गणपती तेवढे राहिले आहेत.

१९९१च्या जुलैत देशाने परवाना पद्धत बहुतांशी मोडीत काढली आणि बाजार खुला केला. त्याच वर्षी डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. एकामुळेच दुसरे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा ही कापड गिरण्यांची दुखणी आधीचीच होती. पण नव्या युगाचे दार उघडले तेव्हा त्यातून आत कोण गेले आणि बाहेर कोण राहिले, हे पाहायला हवे.

आत गेलेल्यांत आपण होतो, हे प्रामाणिकपणे मान्य करू. टेलिफोनसाठी आणि स्कूटरसाठी आपण वर्षानुवर्षे नंबर लावले होते. ते दिवस संपले. मुले शिकली, पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. आपल्यापैकी अनेकांच्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला आहे. भाव वाढले की आपण कुरकुरतो, पण भत्त्याची वाटही पाहतो.

गिरणी कामगाराला कसला भत्ता? हुकुमचंदच्या पाच हजारांहून अधिक कामगारांची देणी न्यायालयात अडकली. मधे काही रक्कम मिळाली. उरलेल्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ला. बत्तीस वर्षांनी! तोवर अनेक कामगार हयात नव्हते. या काळात औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आठ पटींहून अधिक वाढला. म्हणजे १९९१मध्ये शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला आता आठशेहून जास्त लागतात. पैसे उशिरा मिळणे म्हणजे कमी मिळणे, हे त्या घरांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

महागाईचा आकडा सर्वांना एकच असतो, झळ मात्र एकसारखी नसते. ज्या घरात मिळकतीचा निम्मा भाग धान्य-भाजीतच जातो, तिथे तूरडाळ महागली की पातळ वरण आणखी पातळ होते. आपल्याकडे फार तर हॉटेलातली एक फेरी कमी होते.

आम्ही खुल्या बाजाराच्या विरोधात नाही. त्याची फळे आपण खाल्ली आहेत. पण बाजार ज्याच्या खिशात पैसा त्याचेच ऐकतो. ज्याचा खिसा रिकामा त्याचे ऐकायला शासन लागते, आणि समाजही लागतो. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, रेशन यांचा विषय निघाला की "आपल्याला काय त्याचे" असे आपण म्हणून जातो. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची मुले तिथेच जातात. त्यांचा पगार शेवटचा कधी वाढवला, हे आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आठवावे. आम्ही आठवले, आणि मान खाली गेली.

गिरणी बंद झाली, पगार थांबला, तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी थांबू दिली नाही. उत्सव चालवायचा कसा, हे त्यांनी आपल्याला दाखवले आहे. यंदा रोषणाई पाहताना आपण त्या गाडीमागून चालणाऱ्या म्हाताऱ्या कामगारांकडेही पाहू, थांबून त्यांची विचारपूस करू.

गणपती बाप्पा मोरया!