आद्याक्षरांची पत्रे



ह्या व्यासपीठावरून आपण अर्थकारण ऐकता, अध्यात्म ऐकता. आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे. ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचली की एखादे नाव निघावे अशी कविता करायची, आणि ज्याचे नाव त्याला ती टपालाने धाडायची, एवढाच हा खेळ. इंग्रजीत अशा रचनेला ॲक्रॉस्टिक म्हणतात. आपण आद्याक्षरी म्हणू.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. शिवपंचाक्षर स्तोत्र आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असेल. त्याची पाच कडवी न, म, शि, व, य ह्या अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. तथापि अक्षरांच्या अशा करामतीला आपले काव्यशास्त्र फारसा मान देत नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पंक्तीत बसवले, कारण त्यात व्यंग्यार्थ नाही. कविता म्हणून तोलली तर आद्याक्षरीचा निकाल तोच लागेल, आणि तो मला मान्य आहे. पण ती पत्र म्हणून तोलली तर? पत्राला वाचक एकच असतो.

ह्या खेळाचा खरा बादशहा म्हणजे लुईस कॅरोल. नाव टोपण, गृहस्थ ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन. 1840 साली इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले, आणि पैसे धाडणाऱ्याने आधी भरायची रीत रूढ झाली. त्याआधी बहुधा पत्र घेणाऱ्याला अंतराप्रमाणे भुर्दंड पडे. अशा वेळी गमतीचे पत्र कोण कोणाला पाठवील? स्वस्त टपालाच्या त्या काळात डॉजसनसाहेब वाढले. 1861 पासून त्यांनी आल्यागेल्या पत्रांची नोंदवही ठेवली. 1898 मध्ये ते वारले तेव्हा शेवटचा आकडा होता 98,721! आमच्या घरी वाण्याची वहीसुद्धा इतकी चोख नसे.

त्यांच्या आद्याक्षऱ्या ओळखीच्या मुलींसाठी असत. 1861 च्या नाताळात त्यांनी लिडेल घराण्यातल्या तिघी बहिणींना एक गोष्टीचे पुस्तक भेट दिले आणि त्यात लोरिना, ॲलिस, ईडिथ ही नावे गुंफलेली कविता लिहून दिली. दहा वर्षांनी ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’च्या अखेरीस 21 ओळींची कविता आली; तिच्या आद्याक्षरांत ॲलिस प्लेझन्स लिडेल हे पूर्ण नाव दडले आहे. पुस्तक हजारोंनी वाचले, पण ती कविता एकीच्याच नावची. शकुंतलेसाठी केलेली कविता सुमतीला पाठवता येत नाही, हेच ह्या प्रकाराचे मर्म. सणाला एकच शुभेच्छा बोटाच्या टोकाने शंभर जणांना जाते त्या आजच्या दिवसांत तर मला त्याचे फारच मोल वाटते.

आता शकुंतलेचे नाव निघालेच आहे, तर नमुन्यादाखल तिच्याकरिता जुळवलेल्या चार ओळी ऐका:

शनिवारची सकाळशाळा,
कुंपणावर निजले ऊन;
तक्रार एकच — उत्तराला
लावलास उशीर काय म्हणून?

मम्मटाला दाखवू नका! पण कार्डावर एवढे पुरते. ह्या बाबतीत आपली लिपी सोयीची आहे. इंग्रजीत जिथे 21 ओळी लागल्या तिथे तेच नाव देवनागरीत नऊ अक्षरांत आटोपते, आणि बहुतेक मराठी नावे तीनचार ओळींत बसतात. आपल्याकडे 1879 साली पाव आण्याचे कार्ड निघाले. त्याचा आकार जणू ह्याच मापाने बेतला असावा.

अडचण येते ती ण आणि ळ ह्यांची. ह्या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. मग करुणाने आणि मृणालने काय करायचे? त्यांना सरसकट वगळणे मला अन्यायाचे वाटते. वाट आहे: पहिले अक्षर सोडा, तिसरे धरा. कॅरोलने 1893 च्या ‘सिल्व्ही अँड ब्रूनो कन्क्लूडेड’च्या अर्पणकवितेत प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या अक्षरात एका मुलीचे नाव लपवले. आणि आपल्याकडे वासुदेवानंद सरस्वतींनी, म्हणजे टेंबेस्वामींनी, सप्तशती गुरुचरित्रात ओव्यांच्या तिसऱ्या अक्षरांतून गीतेचा पंधरावा अध्याय ओवला. एकाचा हेतू खेळाचा, दुसऱ्याचा उपासनेचा. युक्ती मात्र एकच. करुणासाठी तिसऱ्या ओळीचा आरंभ ‘आठवण’ने करायला हरकत नाही, फक्त तिथे अक्षर चौथे धरावे लागेल, ‘पाऊण’ने केला तर तिसरेच जमते.

एक पथ्य तेवढे पाळा. नाव दडवले आहे हे पत्रात लिहू नका, अक्षरे ठळक करू नका. साधे पत्र म्हणून जाऊ द्या. मग आठवडाभर काही कळत नाही, आणि एके दिवशी उलट टपाली कार्ड येते, त्यावर एकच शब्द असतो: ‘सापडले’.