फोडायचा खडक आधी ओळखावा



कामगारांच्या संघटनेतल्या माणसाने खडकावर काय बोलावे, असे कुणाला वाटेल. पण दगडाशी ज्यांची रोजची गाठ, त्या खाणीतल्या माणसांत माझी पुष्कळ वर्षे गेली आहेत. बाकीचे रात्री पुस्तके वाचून, जमेल तसे मिळवले.

अमेरिकेत टेक्सास प्रांतात बार्नेट नावाच्या शेल खडकातून वायू काढतात. शेल म्हणजे चिखलाचे थर दाबून झालेला दगड. पोटात वायू असतो, पण त्याला वाट नसते. म्हणून प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत घालून खडक फोडतात. वाळूचे कण भेगा मिटू देत नाहीत. (या वाळूची धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत जाते, असा इशारा तिथल्या सरकारी खात्यांना २०१२ साली द्यावा लागला. वायूच्या गोष्टी सांगणारे हे सहसा सांगत नाहीत.)

पण सगळा शेल फुटत नाही. गारेचा अंश जास्त असेल तो तडकतो. चिकणमाती जास्त असेल तो दाब सोसतो, वाकतो, आणि पडलेली भेग पुन्हा मिटते. म्हणून आधी नमुना काढून त्यातली खनिजे तपासतात, तो दाबून पाहतात. जो फारसा आखडत नाही आणि बाजूलाही फुगत नाही, तो ठिसूळ. ठिसूळ म्हणजे भुसभुशीत नव्हे, बरे का! काच कठीण असते आणि ठिसूळही असते.

आपल्याकडे वर शेल नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडले, तेव्हा काळा पाषाणच ३३८ मीटर लागला. मग अक्कलकोटच्या शेतकऱ्याला या विद्येचे काय? त्याला बोअर आहे! पाणी न लागलेल्या बोअरला जलभंजन करतात. रबरी पॅकरने भोकाचा एक भाग बंद करायचा, त्यात दाबाने पाणी सोडायचे. जुन्या भेगांतला गाळ निघतो, भेगा लांबतात, एकमेकींना मिळतात. जलभंजनाने पाणी निर्माण होत नाही. आसपास असलेल्या पाण्याला वाट मिळते, एवढेच.

आता हा दाब कुठे द्यायचा? भेगाळ काळ्या पाषाणात दिला तर उपयोग. दोन पाषाणांमधल्या तांबड्या, गेरूसारख्या थरात दिला तर पैसे पाण्यात, कारण तो थर मातकट. तिथे पॅकरही धड धरत नाही. आमचा वडार घण मारून आवाजावरून सांगतो, दगड खणखणीत की बद्द. प्रयोगशाळेतही हातोडी दगडावरून किती उसळते ते मोजतात. परंतु दोनशे फूट खाली घण पोचत नाही.

तिथे एकच साक्षीदार असतो, बोअरमधून वर येणारी भुकटी. दर दहा फुटांची मूठभर भुकटी ओळीने मांडा, खोली लिहून ठेवा. पुष्कळ ठिकाणी ती पहिल्या पावसात वाहून जाते, आणि पुढे कर्ज काढून जलभंजनाची गाडी आणली की पॅकर कुठे बसवायचा हे अंदाजाने ठरते.