कानाने दिग्दर्शन करणारा माणूस

मागच्या भागानंतर एका मुलाचा मेसेज आला. एकांकिका करतो. "दादा, टीव्हीवर कॉमेडी डायरेक्ट करायचीय, कुठून सुरुवात करू?" मी चार दिवस उत्तरच दिलं नाही. माझा स्वतःचा अनुभव काही फार बरा नाहीये. ज्या विनोदी मालिकेला मी सहाय्यक दिग्दर्शक होतो, ती तेराव्या भागाला बंद पडली. वाहिनी कुठली, ते जाऊ द्या. पुढे वर्षभर मी लग्नाचे व्हिडिओ काढले. म्हणून आज माझ्याऐवजी जेम्स बरोजबद्दल बोलू.

नाव माहीत नसेल, पण काम बघितलेलं असणार. 'फ्रेंड्स'चा पहिला भाग त्याचा. 'विल अँड ग्रेस'चे सगळेच्या सगळे भाग त्याचे. हजाराहून जास्त भाग केलेत या माणसाने.

वडील एब बरोज म्हणजे ब्रॉडवेचं मोठं नाव. वशिला होता, नाही कशाला म्हणायचं? पण गंमत अशी की पोराचं दार उघडलं ते वडिलांच्या आपटलेल्या नाटकामुळे. १९६६ साली 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'वरून एक संगीत नाटक बसवलं होतं. ते इतकं फसलं, की निर्मात्याने शुभारंभाच्या आधीच गुंडाळलं. जेम्स तिथे बॅकस्टेजला होता आणि नायिका होती मेरी टायलर मूर.

काही वर्षांनी तो गावोगावच्या थिएटरांत नाटकं बसवत होता, तेव्हा मेरीची मालिका टीव्हीवर जोरात होती. ती बघताना त्याच्या लक्षात आलं, अरे, हे लोक आठवड्यात एक छोटं नाटक बसवून प्रेक्षकांसमोर करतायत. मी वेगळं काय करतोय? त्याने मेरीला पत्र लिहिलं. तिचे पती ग्रँट टिंकर यांची निर्मितीसंस्था होती, त्यांनी बोलावून घेतलं. लगेच दिग्दर्शन नाही हं! आधी सेटवर बसून जे सँड्रिचसारख्या मुरलेल्या दिग्दर्शकाचं काम बघायचं. १९७४ मध्ये पहिला भाग मिळाला.

मला त्याच्या कामातली एक गोष्ट फार आवडते. चित्रीकरण चालू असताना तो मॉनिटरला चिकटून बसत नाही. कॅमेऱ्यांच्या मागे येरझाऱ्या घालतो आणि ऐकतो. वाक्याची लय चुकली की हशा पडत नाही, आणि हे डोळ्याआधी कानाला कळतं. आपल्याकडे तालमीत शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसणारे दिग्दर्शक असतात ना, तसंच. कॅमेऱ्याचं त्याला कळत नव्हतं असं मात्र नाही. तेव्हा अशा मालिका तीन कॅमेऱ्यांवर व्हायच्या. 'टॅक्सी'चा गॅरेजचा सेट मोठा, म्हणून त्याने चौथा लावला.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. 'चिअर्स' १९८२ मध्ये एनबीसीवर सुरू झाली. तिच्या तीन निर्मात्यांपैकी एक बरोज. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती जवळजवळ तळाला होती. तरी बंद केली नाही. तेव्हा एनबीसीचे प्रमुख कोण? तेच ग्रँट टिंकर. अर्थात नुसता चांगुलपणा नव्हता. वाहिनीच तिसऱ्या नंबरवर होती, जागी लावायला दुसरं धड काही नव्हतं. काहीही असो, मालिका अकरा वर्षं चालली, २७५ भाग झाले. आमच्या तेरा भागांत तेवढा दम होता असं मी म्हणत नाही. पण आमच्या नटांना एकमेकांचा सूर सापडला तो अकराव्या भागात, आणि त्याच आठवड्यात फोन आला.

'फ्रेंड्स' प्रसारित होण्याआधी बरोज सहाही नटांना लास व्हेगासला जेवायला घेऊन गेला. म्हणाला, तुम्हाला कोणी ओळखत नाही अशी ही शेवटची वेळ. जुगाराला पैसेही त्यानेच दिले, पोरांकडे नव्हते! शॉट लावण्याइतकंच हेही दिग्दर्शकाचं काम असतं, हे मला सेटवर कोणी सांगितलं नव्हतं.

काल त्या मुलाला उत्तर पाठवलं. विचारलं, तुझी तालीम कधी असते? मागे बसून ऐकायला येतो. म्हणाला, "शुक्रवारी सातला, पण दादा, दुसरा प्रवेश अजून बसलेला नाही."

तोच ऐकायचाय, म्हटलं.