खेळाआधीचे दोन हात
(वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



मंडळाचा वाढदिवस म्हटला की रस्सीखेच आणि फुगड्या आल्याच. अशा वेळी दोन प्रकारच्या भगिनी दिसतात. एक, नाव पुकारले की खुर्चीवरून उठून थेट पदर खोचणाऱ्या. दुसऱ्या, सकाळपासून तालमी करकरून आधीच घामाघूम झालेल्या. दोघींचाही डाव फसतो. तो का, एवढेच आज सांगणार आहे.

आधी केलेल्या कामाची स्नायूला आठवण राहते. १८७१ साली हेन्री बाउडिच ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लाइपझिग येथे बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले. ठराविक वेळाने विजेची टोचणी दिली, तेव्हा पहिल्यापेक्षा दुसरे आकुंचन मोठे, दुसऱ्यापेक्षा तिसरे मोठे, अशी चढण दिसली. तिला ‘जिना’ असेच नाव पडले. पुढे हातापायांच्या स्नायूंतही असा गुण आढळला. जोराचे आकुंचन झाले की स्नायूतील मायोसिन ह्या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते आणि कॅल्शियमच्या हाकेला ते अधिक चांगली ओ देते. चपळ तंतूंत हा परिणाम अधिक, पण तो काही मिनिटांतच ओसरतो.

दुसरा लाभ उष्णतेचा. स्नायू एक अंश सेल्सिअसने तापला, तर झटक्याच्या कामातील जोर सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

मग पुष्कळ व्यायाम केला की पुष्कळ जोर येईल काय? नाही. येथे जमाखर्च पाहावा लागतो. जमेला जोर, तर खर्ची शीण. दोन्ही एकाच वेळी येतात. व्यायाम संपताच शीण वरचढ असतो. तो लवकर उतरतो, जोर थोडा मागे रेंगाळतो; त्या मधल्या वेळेत खेळायचे. जड वजन उचलणाऱ्या खेळाडूंना साधारणपणे पाच ते दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर फायदा होतो. कसलेल्या व्यक्तीला विश्रांती थोडी पुरते; नवखीला जास्त लागते आणि तिचा लाभही कमी असतो. एकाच जागी मिनिटाहून अधिक वेळ स्नायू ताणून धरला, तर मात्र लगेचचा जोर थोडा घटतो.

तेव्हा रस्सीला हात घालण्यापूर्वी दहा मिनिटे भरभर चालावे, हात फिरवावेत, एकदोनदा दोर बेताने ओढून पाहावा आणि पाचेक मिनिटे थांबावे. गारठा असेल तर अंगावर शाल असू द्यावी, म्हणजे कमावलेली ऊब जाणार नाही.

हे केवळ खेळापुरते नाही. पहाटे अंथरुणातून उठताच भरलेली बादली उचलू नये. आधी घरात चार फेऱ्या घालाव्यात. पन्नाशी उलटलेल्या कित्येक भगिनी “आता अंगात जोर राहिला नाही” म्हणून बाजूला बसतात. वयाबरोबर चपळ तंतू कमी होतात हे खरे. पण सारा जोर गेलेला नसतो, त्याला जागे करावे लागते. नियमित व्यायामाने तो ह्या वयातही वाढतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

पुढच्या वर्षी दोर ओढायला आज प्रेक्षकांत बसलेल्या भगिनीही याव्यात, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.