अंदाज किती टक्के चुकला?

मी खारदांड्याच्या कोळीवाड्यातून बोलतेय. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यातच बोंबील सुकवून ठेवायची घाई. गेल्या मे महिन्यात आमच्या बचत गटाने एक ढीग नुसता डोळ्यांनी बघून घेतला. मी म्हटलं, ५० किलो असेल. घरी आणून काट्यावर घातला, तर ४०!

१० किलोचा फटका. पण तो मोठा की लहान? ४०० किलोच्या मालात १० किलो चुकले तर कोणी बोलणारही नाही. म्हणून चूक टक्क्यांत काढायची. अंदाज आणि खरं वजन यांतला फरक घ्या, त्याला खऱ्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा. १० भागिले ४०, गुणिले १००. झाले २५ टक्के.

इथे आमच्यात वाद झाला. हिशेब लिहिणारी म्हणाली, "ताई, ५० ने भाग, २० टक्केच होतात." ऐकायला बरं वाटलं. पण पैशाकडे बघा. सोपं जावं म्हणून भाव १०० रुपये किलो धरू. ५० किलोचे ५,००० दिले, हातात आले ४० किलो. म्हणजे किलो पडला १२५ रुपयांना. भाव २५ टक्क्यांनीच चढला ना? काटा सांगतो ते खरं, भागायचं त्यानेच.

दुसरी चूक आणखी महाग पडली. सुकून ८ किलो भरतील असं धरून गिऱ्हाइकाला शब्द दिला. बोंबलात पाणीच फार. वलांडीवरून उतरवले तेव्हा भरले ६. फरक २, भागिले ६, म्हणजे ३३ टक्क्यांच्या वर. उरलेले २ किलो बाजारातून चढ्या भावाने घेऊन शब्द पाळला. त्या खेपेचा नफा तिथेच गेला.

आता वही घातली आहे. अंदाज आधी लिहायचा, मग काटा. मागाहून लिहिला की अंदाज आपोआप बरोबर येतो, हे मी स्वतः करून पाहिलंय! जास्त धरला तर अधिक, कमी धरला तर उणे. माझी आत्या शाळेत गेली नाही, पण पाटी एकदा उचलली की तिची चूक ५ टक्क्यांच्या वर जात नाही. वही बघून खरेदी तिच्याकडेच दिली. माझा डोळा मात्र दर वेळी जास्तच धरतो. मी ५० म्हटलं की बाया हसतात, "४० लिहा गं!"